वाढत्या अंगाची बोट

"बोट बघायला आलायत की बसायला?" दत्तप्रसाद आपट्यांनी विचारलं.

दशरथ गजभिये ओशाळला, पण उठला मात्र नाही. कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या रांगेला लागून, लाकडी घोड्यांवर ती पांढरी शिडाची बोट ठेवलेली होती आणि तो चपला काढून तिच्यात बसला होता. शेजारी त्याची मुलगी पायल. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते, पण दोघं मावत होते.

"नाही, जागा बघत होतो," तो म्हणाला.

"एकट्याची बोट आहे ती. जागा एकाचीच असते. जोडीनं फिरायचं असेल तर बागेत पायडलची मिळते." आपटे कव्हराची घडी घालता घालता पुढे म्हणाले, "आमचे चिरंजीव हिंजवडीला असतात. शनिवारी काम, रविवारी झोप. आता कंपनी त्यांना अमेरिकेला नेतेय. बोटीला नेत नाही म्हणाली."

पायलनं डोलकाठीकडे मान वर करून पाहिलं. "पप्पा, शीड खूप मोठंय हो हिचं."

"असू दे ना. वाढत्या अंगाची घेऊ. वर्षभरात बसशील तू हिला."

वाढत्या अंगाचं घेणं हे गजभियांच्या घरचं शास्त्रच होतं. तसं ते कुणाच्या घरी नसतं? मापाची वस्तू म्हणजे आपल्याकडे उधळपट्टी. पायलचा पहिलीचा गणवेश तिसरीपर्यंत पुरला होता, आणि सायकल आली तेव्हा तिचे पाय पेडलला टेकत नव्हते म्हणून दशरथ महिनाभर मागे धावला होता. त्यामुळे बोटही ढगळ घ्यायची, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. निदान तो स्वतःला तसं सांगत होता.

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याला चांगलं माहीत होतं.

दशरथ टेलिफोन खात्यात लाइनमन. नोकरीला लागला तेव्हा लोक फोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहायचे आणि लाइन जोडली की त्याच्या हातावर पेढा ठेवायचे. आता घरोघरी खिशात मोबाइल आले होते. त्यानंच जोडलेले फोन काढून आणायला त्यालाच पाठवत, आणि पेढ्याचं राहू द्या, पाणीसुद्धा कुणी विचारत नसे. असाच एकदा केबल दुरुस्त करायला तो खडकवासल्याच्या पाण्याकाठच्या एका छोट्या क्लबात गेला होता. सुट्टी होती म्हणून पायल सोबत होती. ती तिथून परत यायलाच तयार होईना. शिकवणारे हिंमतराव, फौजेतून निवृत्त झालेले, तिला बोटीतून एक चक्कर मारून आणून म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पण दोघांच्या बोटीला जोडीदार लागतो. तुम्ही बसा की."

आणि दशरथ बसला. तेव्हापासून प्रत्येक रविवारी तो बोटीत पुढे आणि पायल मागे, सुकाणूवर. वाऱ्याचा झोत आला की बोट कलायची, पायल ओरडायची, "पप्पा, बाहेर!" आणि तो पाय पट्ट्यात अडकवून पाठ पाण्यावर झोकून द्यायचा. त्याच्या वजनानं बोट सरळ व्हायची. ऑफिसात त्याला हुकूम सोडणारे ढिगानं होते, पण हा एकच हुकूम त्याला आवडायचा. आठवडाभर तो त्याच्यासाठी जगायचा म्हटलं तरी चालेल.

आता पायल चौदाची झाली होती. एकटीनं बोट चालवायची वेळ आली, असं हिंमतरावांनी सांगितलं होतं.

रात्री जेवताना बायकोनं, सत्यशीलानं, विषय काढला. ती महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका. दिवसभर शुद्ध बोलायची, घरी आली की भंडाऱ्याचं.

"मोठी बोट घेता म्हणे. तिच्यात तुमी बी मावता का?"

"तसं नाही काही."

"काहून, तिले एकटीले जमत नाही का?"

"जमते."

"मंग?"

दशरथनं भाताचा घास कालवला तो कालवतच राहिला. भंडाऱ्याकडे गावागणिक तळं. त्याच्या आज्याला मात्र गावच्या तळ्याच्या काठावर मडकं घेऊन थांबावं लागायचं, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. पाण्यात उतरायची परवानगी नव्हती. त्या आज्याच्या नातवाची पोरगी आता पाण्याच्या मधोमध एकटी जाणार होती. आपण अडवायचं काय म्हणून? हे सगळं त्याला कळत होतं. तरी रविवार हातचा सोडवत नव्हता.

"पोट्टी दूर नाही जात," सत्यशीला ताक वाढत म्हणाली. "फक्त पुढं जाते."

दशरथनं ताक भातावर ओतलं.

क्लबात एक रीत होती. एकट्याची बोट पसंत करण्याआधी मुलानं ती पाण्यात मुद्दाम आडवी पाडायची आणि कुणाची मदत न घेता पुन्हा उभी करायची. जी उभी करता येईल ती त्याची. रंगरूप, वेग, किंमत, सगळं त्यानंतर.

रविवारी आपट्यांची बोट टेम्पोतून आली. मागोमाग आपटेही आले, डोक्याला मफलर बांधून. पायल निघाली तेव्हा वारा बेताचाच होता. काठापासून थोडं आत गेल्यावर तिनं बोट पाडली. शीड पाण्यावर पसरलं. ती पोहत वळसा घालून आडव्या बोटीच्या तळाकडे गेली, तिथून बाहेर आलेली फळी धरली, तिच्यावर चढली आणि मागे रेलली.

बोट जागची हलली नाही.

पायलनं पुन्हा जोर लावला. शीड थोडं उचललं आणि परत आपटलं. दशरथ कधी पाण्यात उतरला ते त्यालाच कळलं नाही. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तेवढ्यात मागून हिंमतरावांनी त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरला.

"थांबा, गजभिये. शेजारी क्लबाची मोटरबोट उभी हाय. पोरगी बुडत न्हाई."

"माझं वजन पडलं तर लगेच उठेल हो ती."

"उठंल की. मग दर खेपेला तुम्ही येणार का? एकट्याची बोट म्हंजी पडणं बी एकट्याचं."

शेवटी मोटरबोटीनं पायलला ओढून आणलं. ओठ निळे पडलेले, केस चेहऱ्यावर. दशरथनं टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला.

"मला माहीत होतं, नाही उचलणार," ती हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पण तुम्ही त्या दिवशी बसून बघत होता ना, पप्पा. मग मी पण म्हटलं, असू दे."

आपण लेकीला वाढतं माप घेत होतो आणि ती बापासाठी त्यात शिरायला निघाली होती. त्याला तिची लाज वाटली नाही, स्वतःचीच वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तो उगाच टॉवेलनं तिचे केस खसाखसा पुसत सुटला.

"पप्पा, दुखतंय!"

क्लबाच्या शेडमागे आणखी एक विकाऊ बोट होती. आखूड, अरुंद, पिवळा रंग उन्हानं उडालेला. दशरथ गेला आणि तिचं टोक स्वतः उचललं. दुसरं पायलनं.

"बसून बघायचं न्हाई का?" हिंमतरावांनी विचारलं.

"नको. ती बसेल."

पायलनं पिवळी बोट पाडली, फळीवर चढली, मागे रेलली. शीड पाण्यातून निथळत वर आलं. काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी पद्धत नव्हती.

"म्हणजे बसून झालं, घ्यायचं राहिलं," आपटे म्हणाले.

"माफ करा, साहेब. उगाच तुम्हाला इथवर..."

"असू द्या. नेतो परत. पार्किंगलाही तिची सवय झालीये." मग कव्हराच्या दोऱ्या बांधता बांधता ते थांबले आणि बराच वेळ पिवळ्या बोटीकडे पाहत राहिले. "चांगली जातेय मुलगी," एवढंच म्हणाले.

टेम्पो गेला. हिंमतराव दुसऱ्या मुलांकडे वळले. दशरथ ओली पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्याचं लाइफ जॅकेट अजून अंगावरच होतं, काढायचं राहून गेलं होतं. आजाही असाच काठाशी उभा राहत असणार. पण आज्याला दुसऱ्यांनी थांबवलं होतं. हा आपला आपण थांबला होता.

दूर पाण्यावर काळसर पट्टा उठला. वाऱ्याचा झोत येत होता. पिवळी बोट कलली, बरीच कलली, आणि पायल शरीर बाहेर झोकून रेलली. ओरडली नाही. ओरडायचं कुणाला?

काठावर दशरथची पाठ आपोआप मागे गेली. पायाची बोटं चिखलात रुतली, पोट ताठलं, मान आकाशाकडे झाली, आणि तो तसाच तोल धरून राहिला.

बोट सावरली. मग तोही सरळ झाला.