सांभाळणाऱ्यांच्या यादीत काका

काकांच्या बाइंडिंगच्या दुकानातला संगणक सोमवारी सकाळी वारला. वय वर्षं सोळा. त्याच्या मागे त्याच्या हुकमावर कागद कापणारा एक कटर, दोन शिलाई यंत्रं आणि काका असा परिवार होता.

पुतणीने दुपारीच नवा संगणक आणून ठेवला. तो इतका नवा होता की जुनं कर्नेल त्याला ओळखच दाखवेना. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला तो भाग, जो वरच्या प्रोग्रामांचं आणि खालच्या यंत्रांचं आपसात पटवून देतो. घरात हे काम काकू करते.

पुतणीला यावर उपाय ठाऊक होता, कारण तो तिच्याच हातात होता. ती एका मुक्त-स्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुढच्या आवृत्तीवर काम करायची. मुक्त-स्रोत म्हणजे कोणीही वाचा, कोणीही सुधारा, आणि बिघडलं तर सगळ्या जगासमोर खाली मान घाला. महिन्याभरात येणाऱ्या या आवृत्तीत नवं कर्नेल होतं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या हजारो माणसांनी रचलेल्या कोट्यवधी ओळी, आणि तरी ते चालत होतं. पुतणीच्या सोसायटीत बारा बिऱ्हाडांना जिन्यातला दिवा कोणी बदलायचा हे ठरवता येत नव्हतं.

तिने नवं कर्नेल चढवलं. संगणक झटक्यात उठला. कटर मात्र ढिम्म.

"याला काय झालं?" काकांनी विचारलं.

पुतणीने शोधलं आणि तिचे कान लाल झाले. कटरशी बोलणारा कोडचा तुकडा नव्या कर्नेलमधून काढून टाकला होता. तोही रीतसर. जुनं काही काढण्याआधी ईमेलच्या यादीवर सगळ्यांना विचारतात, 'हे कोणी वापरतं का?' सहा आठवडे कोणी हूं की चूं केलं नाही, तर तो तुकडा जातो. हे वापरणारा बहुधा जगातला शेवटचा माणूस त्या सहा आठवड्यांत पुस्तकांच्या पाठींना खळ लावत होता, आणि त्याला ईमेल नव्हता. पुतणीला होता. तिने ती मेल वाचली होती, 'हे भंगार कोण वापरणार' असं मनात म्हटलं होतं आणि पुढची उघडली होती. लहानपणी याच भंगारातून पडलेल्या पट्ट्या वाटून तिने शाळेत मैत्रिणी जोडल्या होत्या.

"शुक्रवारी दुपारी बाराला दार बंद होतंय काका. त्यानंतर या आवृत्तीत काही घेत नाहीत. त्याआधी मीच द्वारपालाला लिहिते."

द्वारपाल म्हणजे कर्नेलचा तो कोपरा सांभाळणारा परदेशातला गृहस्थ. 'नाही' हा शब्द न वापरता तो तीन ओळींत नकार देऊ शकतो अशी त्याची ख्याती होती.

"कटर माझा आहे ना? मग मी सांगतो, तू लिही," काका म्हणाले. "सप्रेम नमस्कार. मी वापरतो."

"पुढे?"

"पुढे काय? त्यांनी विचारलं ते एवढंच."

उत्तर तासाभरात आलं. आधी काकांची ओळ जशीच्या तशी, तिच्याखाली त्याची.

"सभ्य माणूस दिसतो," काका म्हणाले. "आधी दुसऱ्याचं बोलणं मांडतो, मग स्वतःचं."

"हे माझ्याशी असं कधी बोलणार?" दुकानामागच्या घरातून काकू म्हणाली.

द्वारपालाने लिहिलं होतं, तुकडा परत घेता येईल, पण तो सांभाळणारं कोणीतरी लागेल. त्याचं नाव यादीत चढेल आणि तक्रारी त्याच्याकडे येतील.

"सोळा वर्षं कोण सांभाळतंय मग?" काका म्हणाले. "चढव नाव."

असा ठराव झाला की कोड पुतणीने लिहायचा आणि खात्री काकांनी द्यायची. बुधवारी संध्याकाळी कटर हलला. गठ्ठा कापला गेला. पुतणीने सुटकेचा निःश्वास सोडला.

"पाठवू?"

"थांब. पातं दम घेऊन पडतंय."

"कुठे? मला तर नेहमीसारखंच वाटतं."

"इंजिनिअरबाई, तुम्हाला डोळ्यांनी ऐकायची सवय."

पुतणीने तसं कळवलं, तर द्वारपालानेही लिहिलं की दम हे माप नाही, आकडे द्या. गुरुवारी काकांनी दोनशे पट्ट्या कापल्या आणि एकेक मोजली. दर नववी पट्टी अर्धा मिलिमीटर जास्त. दोनशे आकडे यादीवर गेले.

त्यानंतर जे झालं ते पुतणी अजून सांगते. पाच देशांतली माणसं, काही तर अंथरुणातून उठून, एका बाइंडरच्या पट्ट्यांवर डोकं खाजवत बसली. कारण सापडलं. वीज वाचवायला नवं कर्नेल रिकाम्या जोडणीला डुलकी घ्यायला लावत होतं, आणि डुलकीतून उठायला तिला एक क्षण जास्त लागत होता. याच डुलकीने अनेकांचे प्रिंटर मधेच अडखळत होते आणि ती मंडळी बिचाऱ्या केबलला शिव्या घालत होती. दुरुस्ती एका ओळीची निघाली. द्वारपालाने खाली लिहिलं, 'शोधणारे: काका, बाइंडर.' आणि त्याच्याखाली, 'असे कान आमच्याकडे नाहीत.'

शुक्रवारी पावणेबाराला तुकडा आत गेला. काकांनी पन्नास पट्ट्या कापल्या, डोळे मिटून ऐकल्या आणि मान हलवली.

"आता सुखाने झोपा," पुतणी म्हणाली.

"पडद्यावरची ती पुढची यादी कसली?"

"पुढच्या वेळी काढायची जुनी यंत्रं. चाळीस आहेत. कोणी वापरतं का म्हणून विचारलंय."

"कोणाला विचारलंय?"

"यादीवर. सगळ्यांना."

हे म्हणतानाच तिचे कान पुन्हा लाल झाले.

"छापून दे," काका म्हणाले.

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, चपला सरकवल्या आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्यापासून सुरुवात केली. पुतणीही मागोमाग निघाली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना मिळून एकसष्ट दुकानं होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीसपैकी तीन यंत्रं जिवंत सापडली. त्यातलं एक तर काकांच्या दुकानाच्या माळ्यावरच होतं, पण ते काकूने सांगितलं.