रक्तपेढीतल्या सीडीचा गोंधळ

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. एका रक्तपेढीच्या खणात राहते. माझ्या पोटात नऊ छोटे प्रोग्राम आहेत. एक रक्तदात्यांची नोंद ठेवतो, एक रक्तगट जुळवतो, एक पिशव्यांवरची लेबलं छापतो. बाकीच्यांचं काम तुम्ही विचारलंत, तर मीच गोंधळेन.

मला घडवलं ते संगणकवाल्या ताईने. चार महिने ती या नऊ जणांची भांडणं सोडवत होती. एकाची नवी आवृत्ती आणली की दुसरा हातपाय गाळायचा. अखेर कोणाची कोणती आवृत्ती कोणाशी पटते ते ठरलं आणि तिने सगळ्यांना माझ्यात एकत्र बसवलं. रक्तपेढीच्या संगणकावर ते सारे एका दमात चढले. "गुणाची आहे हो!" मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मला खणात ठेवलं आणि सहा वर्षं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एके सकाळी नवे संगणकवाले दादा आले. "लेबलवाल्याची नवी आवृत्ती आलीय. तेवढी टाकून देतो," म्हणाले. दहा मिनिटांचं काम, चहा घेऊन गेलेसुद्धा.

दुपारी पिशव्या लावणाऱ्या तंत्रज्ञ मावशी ओरडल्या, "अहो, रक्त टिकतं पस्तीस दिवस. या पिशवीवर चौसष्ट कसे?" मुदत संपण्याची तारीख सात जूनच्या जागी सहा जुलै छापली होती. नोंदवाला आधी दिवस लिहायचा, नवा लेबलवाला आधी महिना वाचायचा. मुदत उलटलेलं रक्त कोणाला चढलं असतं तर? त्यातच फोन वाजला. शस्त्रक्रियेसाठी दोन पिशव्या हव्या होत्या, लगेच.

संगणकवाले धावत परत आले. त्यांनी माझ्यातला फक्त जुना लेबलवाला घेऊन संगणकावर पुन्हा चढवला, तर नोंदवाला सुरूच होईना. "ही सीडीच बाद झालीय!" ते म्हणाले. माझं काय चुकलं, मला काही कळेना. सहा वर्षं मी जागची हललेही नव्हते!

मावशी मात्र डगमगल्या नाहीत. त्यांनी हाताने लिहिलेली जाड वही काढली, एकेक पिशवी ताडून पाहिली, रक्तगट स्वतः तपासला, लेबलं पेनाने लिहिली आणि दोन पिशव्या धाडल्या. मग ताईला फोन लावला.

"एकट्याला का उचललंत? नव्या लेबलवाल्याने सगळ्यांचे सामाईक भाग बदललेत," ताई म्हणाली. "नोंदींना हात लावू नका. संगणकावरचे नऊच्या नऊ प्रोग्राम पुसा आणि सीडीवरून सगळे एकत्र टाका."

तासाभरात सगळं सुरळीत झालं. संध्याकाळी वॉर्डातून निरोप आला, "शस्त्रक्रिया झालेल्या बाई शुद्धीवर आल्या, बोलतायत." मावशी खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. संगणकवाले खाली मान घालून म्हणाले, "मावशी, चुकलं माझं."

आता ताई आणि ते शेजारी बसून नव्या लेबलवाल्याचं इतर आठ जणांशी जमवतायत. म्हणजे माझ्या जागी दुसरी सीडी येणार. हसावं की रडावं, ते समजत नाही. मित्रांनो, एकमेकांच्या आधाराने चालणाऱ्यांपैकी एकालाच बदलायचं झालं, तर बाकीच्यांना आधी विचारा. आणि एक विनंती आहे. नवी सीडी दोन-चार महिने नीट चालल्याचं बघा, मगच मला फेका.