नमुनेकाकांची हिस्ट्री

वॉर्डात चौदा वर्षं काढलेल्या बाईला कुणी 'पेशंटला काय विचारायचं' याच्या परीक्षेला बसवावं आणि वर दोनदा नापास करावं, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. सिस्टर स्वतः काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. परीक्षा अशी: एक पेशंट, वीस मिनिटं, त्याची अथपासून इतिपर्यंत हिस्ट्री, आणि शेजारी खुणा करायला परीक्षक. पहिल्या खेपेला सिस्टरांनी पेशंटची उशी नीट करण्यात चार मिनिटं घालवली. दुसऱ्या खेपेला एका आजीबाईंच्या सुनेचं पुराण ऐकत बसल्या आणि घंटा झाली. आता ही तिसरी आणि शेवटची. यातही नापास झाल्या की वरच्या कोर्समधून नाव कायमचं कटणार आणि परत त्याच वॉर्डात, तेही जिला यांनीच सुई धरायला शिकवली तिच्या हाताखाली. सकाळी दहावीतल्या मुलीनं बजावलं होतं, "आई, यादीप्रमाणे विचार आणि उठ. जीव लावत बसू नकोस."

खोलीत पाऊल टाकलं आणि सिस्टरांच्या जिवात जीव आला. मागच्या दोन्ही खेपांना दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला गेलेले नमुनेकाका आज समोर खुर्चीत बसले होते.

नमुनेकाका म्हणजे परीक्षेचा ठरलेला पेशंट. जन्मभर लोकांची तिकिटं तपासून निवृत्त झाले, नऊ वर्षांपूर्वी छातीत दुखून इथे आले, बरे झाले, आणि तेव्हापासून दर परीक्षेला इस्त्रीचा शर्ट घालून हजर. उत्तरं तोंडपाठ, प्रश्न त्याहून पाठ. समोरचा गडबडला की पुढचा प्रश्न ते स्वतःच हळूच सुचवायचे. त्यांच्यावर शिकलेले निम्मे डॉक्टर आता जिन्यात त्यांना ओळख देत नसत, पण काका सगळ्यांना 'माझी मुलं' म्हणत. नमुनेकाका हे नाव त्या मुलांनीच ठेवलेलं.

"काय त्रास होतोय, काका?"

"छातीत दुखतं. मधोमध. जिना चढताना सुरू झालं, डाव्या हातात उतरलं, घाम फुटला." एरवी हे सगळं एका दमात व्हायचं. आज त्याला तीन दम लागले.

परीक्षक मॅडम मान वर न करता खुणा करत होत्या. इतक्या वर्षांत त्यांचाही हात बसला होता. एक खूण तर काकांनी तोंड उघडायच्या आधीच पडली.

"आधीचे आजार?"

"रक्तदाब. साखर नाही. ऑपरेशन एकच, अपेंडिक्सचं. आता औषधं विचारा."

सिस्टरांनी विचारली. काकांनी घडाघडा सांगितली. गाडी रुळावर होती, घड्याळ खुशीत होतं, आणि सिस्टरांची नजर मात्र मेली खाली गेली. काकांच्या चपलांचे पट्टे सुटलेले होते. पाय त्यात मावत नव्हते.

"काका, आडवं झाल्यावर दम लागतो?"

"नाही. एका उशीवर शांत झोप."

"काल कुठे झोपलात?"

"हे यादीत नाही," काका कुजबुजले.

"नसू दे. कुठे झोपलात?"

काकांनी चोरून मॅडमकडे पाहिलं. "खुर्चीत. चार दिवस झाले. आडवा झालो की बुडल्यासारखं वाटतं. पण तुम्ही एक उशी लिहा. बिघडलेला पेशंट परीक्षेला चालत नाही, मग पुढच्या वेळी मला बोलावणार नाहीत."

सिस्टर उठल्या. "मॅडम, परीक्षा राहू द्या. यांना आत्ता वर वॉर्डात न्यायला हवं."

"बाराच मिनिटं झालीत," मॅडम म्हणाल्या. "उठलात तर राहिलेल्या प्रश्नांना शून्य."

सिस्टरांच्या डोळ्यांपुढे मुलगी आली, ती ज्युनिअर आली, वॉर्डातलं तेच जुनं स्टूल आलं. त्यांना मनापासून रडू आलं. तशाच त्या दाराबाहेरची चाकाची खुर्ची आत घेऊन आल्या.

काका मात्र वाटेभर संतापलेले. "अहो, सवयी राहिल्या. घरची माहिती राहिली. माझ्यावर आजवर कुणी नापास झालं नाही, तुम्ही माझं नाव घालवणार."

वर ऑक्सिजन लागला, इंजेक्शन गेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी भरलंय, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. दुपारपर्यंत काका अंथरुणावर टेकून सलग बोलायला लागले आणि आल्यागेल्याला हुकूम सोडायला लागले. तेव्हा मॅडम कागद घेऊन वर आल्या. छातीचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला, सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"राहिलेले प्रश्न विचारा," त्या सिस्टरांना म्हणाल्या. "घड्याळ खालीच राहिलंय माझं."

काकांची कळी खुलली. "विचारा, विचारा. आता घरची माहिती."

"घरी कोण कोण असतं, काका?"

"मी आणि बायको. मुलगा परगावी."

मॅडमनी सवयीनं खूण केली. काका छताकडे बघू लागले.

"थांबा," ते म्हणाले. "ती नाही. ती जाऊन दोन वर्षं झाली."

सिस्टरांनी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"सांगायचं राहून गेलं बघा. विचारलं की तोंडात तेच येतं. आणि सगळे बरोबर धरतात." मग एकदम कानकोंडे होत त्यांनी विचारलं, "दोन वर्षांत बरीच मुलं पास झाली असतील चुकीच्या उत्तरावर. त्यांचे गुण कापणार का?"

"नाही कापणार," मॅडम म्हणाल्या. आत्ताच केलेली खूण त्यांनी खोडली, मग कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "सिस्टर, पास आहात तुम्ही. जरा सरका, मला बसू द्या."

त्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"काका, कशानं गेल्या हो त्या?"

याचं उत्तर काकांना पाठ नव्हतं. ते थांबत, चुकत, पुन्हा मागे जात सांगू लागले, आणि दोघी ऐकत बसल्या.