बापाची बडबड

सकाळ झाली की आमच्या पोरीचं पोट दुखायचं. गणवेश चढवला की कळ, दप्तर उचललं की उलटी. सुट्टीच्या दिवशी मात्र ठणठणीत. मग घरात काय म्हणणार? नाटकं! रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, काही निघालं नाही. आम्ही नवरा-बायको पार पिचून गेलो. त्यात शाळेचा निरोप आला, हजेरी भरली नाही तर वर्ष गेलं समजा.

शेवटी पोटाच्या डॉक्टरनंच पोरांच्या मनाचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

"कुठे दुखतं गं?" बाईंनी पोरीला विचारलं.

"बेंबीच्या वर," मी म्हणालो.

"झोप लागते?"

"लागतेय कसली! टक्क जागी असते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दादा, तुमचा धंदा काय?"

"सलून आहे."

"वाटलंच. आता जरा दुकान बंद करा. तिला बोलू द्या."

"ऐका," बायको म्हणाली, "मी लग्न झाल्यापासून हेच सांगतेय."

पोरीनं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली. मग म्हणाली, "वर्गात माझं काहीतरी चुकेल आणि सगळे हसतील असं वाटतं. पळायला दार पण लांब. मग पोटात गोळा येतो."

घरात हे कुणी तिला विचारलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "हे नाटक नाही. दुखणं खरंच आहे, भीतीचं आहे, आणि बरं होतं. थोडं थोडं करून भीतीसमोर उभं राहायचं. आणि बाबांनी तिच्या वतीनं बोलायचं नाही. तुम्ही बोललात की तिला वाटतं, आपल्याला जमतच नाही."

मग सुरू झाली आमची वरात. आधी दुकानात जाऊन तिनं स्वतः पेन्सिल मागायची. मी शेजारी दात आवळून उभा. दुकानदार म्हणतो, "काय हो, दाढ दुखतेय का?" कधी पोरगी मागायची, कधी दारातूनच पळ काढायची. पळाली की बाई म्हणायच्या, पुन्हा जा. पुन्हा गेलो. जीव नुसता मेटाकुटीला आला.

आज शाळेची पाळी होती. वर्गाच्या दारात शिक्षिका माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोला."

अख्खं वाक्य माझ्या जिभेवर तयार. मी छताकडे बघितलं. पोरीचा हात घामानं चिंब झालेला.

"मला... दाराजवळ बसायचंय," ती म्हणाली. "घाबरायला झालं तर बाहेर येऊन उभी राहीन. मग परत आत येईन."

"बस की," शिक्षिका म्हणाल्या.

मी बाहेर भिंतीला टेकलो. थोड्या वेळानं पोरगी आलीच, पांढरीफटक. पोट धरून माझ्यासमोर उभी राहिली. चल घरी, एवढंच मी म्हणायची वाट बघत होती. आणि देवाशपथ, मलाही तेच म्हणायचं होतं. घरी जाऊन आडवं पडायचं होतं दोघांनी.

मी काही बोललो नाही.

तिनं माझ्याकडे रागानं बघितलं, नाक पुसलं, आणि आत गेली.

मी तिथंच पायरीवर बसकण मारली. उद्या परत हेच.