एका ओढीत सुटणारं दावं

"उषे, आधी सोडायचं बघ, मंग बांध. एका ओढीत सुटलं न्हाई तर ते दावं न्हाई, फास हाये."

आबारावांचं, म्हणजे वडिलांचं, हे वाक्य उषाबाईंना सात वर्षांच्या असल्यापासून पाठ होतं. आबाराव आयुष्यभर मेंढरांमागं आणि बैलांमागं हिंडलेला माणूस. गोठ्यात आग लागली, साप निघाला, तर गाठ उकलत बसायला वेळ नसतो, म्हणून त्यांनी पोरीला खुंट्याजवळ बसवून सरकगाठ शिकवली होती. जनावरानं कितीही ओढलं तरी पक्की. माणसानं शेपूट ओढलं की मोकळी. उषाबाईंनी गाठ शिकून घेतली, वडिलांना करून दाखवली, शाबासकी मिळवली आणि पुढची पंचेचाळीस वर्षं सगळ्या गाठी अशा मारल्या की सोडायला विळा लागावा. पापडाच्या डब्याची सुतळीसुद्धा.

गाठींचं तेच नेमांचं. केदारखेड्यात त्यांचे नेमधर्म कॅलेंडरपेक्षा भरवशाचे होते. शेजारच्या कांताबाई कुंपणावरून विचारायच्या, "आज काय खाल्लं उषाबाई? भगर? म्हंजी चतुर्थी आली की!" मात्र उषाबाईंचं बोलणं इतकं हळू, की त्यांची गायसुद्धा दुसऱ्या हाकेला वळायची. देवाला बरं ऐकू येत असेल, असं त्यांना वाटे. निदान त्यांनी तसं धरून ठेवलं होतं.

सगळ्यात कडक नेम मंगळवारचा. मुलगी तृप्ती बर्फाच्या डोंगरात गेली तेव्हापासून, दोन वर्षं, दर मंगळवारी केदारखेड्याहून राजूरच्या गणपतीला अनवाणी जायचं आणि दर्शन होईतो पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. एकही मंगळवार चुकला नव्हता. एकदा ताप होता, तर ताप घेऊन गेल्या. याचा अभिमान नव्हता, असं त्या सगळ्यांना सांगत. सगळ्यांना सांगत म्हणजे तो होताच.

तृप्ती मनालीच्या वरच्या अंगाला एका शिबिरात लोकांना स्की चालवायला शिकवणाऱ्यांची मदतनीस होती. आता तिला स्वतः शिकवण्याचा परवाना हवा होता आणि परीक्षा येत्या सोमवारी होती. पंधरा दिवसांपूर्वी तिनं व्हिडिओ कॉलवर दोन लांबलचक फळ्या दाखवल्या. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी बाईकडून तिला त्या स्वस्तात मिळाल्या होत्या.

"आई, ह्याला टेलीमार्क स्की म्हणतात. बूट फक्त पुढून अडकवायचा, टाच मोकळी राहते. वळताना एक गुडघा असा खाली टेकवायचा."

"नमस्कारावाणी?" उषाबाईंचा चेहरा उजळला. गुडघा टेकून खेळायचा खेळ म्हणजे वाईट असणार नाही.

"तसंच समज. पण एक घोळ आहे. साध्या स्कीला ब्रेक असतो. पायातून निघाली की बर्फात रुतून थांबते. ह्यांना तो नाही. सुटली तर उतारावरून बाणासारखी जाते आणि खाली कुणी उभं असलं तर संपलंच. म्हणून बुटाला दोरीनं बांधावी लागते, लीश म्हणतात तिला. ती नसेल तर सर परीक्षेला उभं करणार नाहीत. बाहेरून मागवलेली वेळेत येईना."

"एवढंच ना?" उषाबाई म्हणाल्या. "दावंच की. मी करते."

तृप्तीनं सांगितलं होतं, हे इथं नोंदवलं पाहिजे. तिनं तीनदा सांगितलं होतं: आखूड हवी, सहज सुटणारी हवी, आणि फार मजबूत नको, जास्त ओढ बसली तर तुटली पाहिजे. उषाबाईंनी तिन्ही वेळा मान हलवली होती. पण "मजबूत नको" हे शब्द एका आईच्या, त्यातही नेमकरी आईच्या कानात शिरून कुठं राहणार? त्यांनी नायलॉनची दोरी आणली, तिला तिपदरी पीळ दिला, टोकाला वासराच्या साखळीची स्प्रिंगची कडी लावली आणि प्रत्येक दोरीला गणपतीच्या नावानं एकवीस गाठी मारल्या. एकेका गाठीला एकेक नाव. लांबी ठेवली दोन हात, पोरीला आखडल्यासारखं नको म्हणून.

परीक्षेच्या बरोबर आठवडाभर आधी, सोमवारी दुपारी दाव्यांची जोडी तयार झाली. दुसऱ्या दिवशी राजूरला देवाच्या पायांवर ठेवायची आणि बुधवारी कुरिअर करायची, असं ठरलं. मग मनात आलं, एकदा ओढून बघावं.

बघायचं तर खाटेच्या पायाला बांधून ओढता आलं असतं. उषाबाईंनी नवऱ्याचे, सोमेश्वररावांचे गमबूट घेतले, गोठ्यातल्या दोन फळ्यांना बुटाची टोकं खिळे ठोकून पट्ट्यांनी अडकवली, मागून दावी बांधली, फळ्या बुटांसकट काखेत मारून शेततळ्यावर नेल्या आणि काठावर बूट पायात चढवले. फेब्रुवारीत तळं जवळजवळ रिकामं होतं. काळ्या प्लॅस्टिकचा उतार आणि तळाला गुडघाभर हिरवं पाणी. सोमवारचा उपास होता, पोटात चार शेंगदाणे होते. "हलकंच वाटतंय," असं स्वतःशी म्हणून त्यांनी एक गुडघा टेकवला.

पुढचं फार लवकर झालं. उजवी फळी बुटातून सुटली. सुटली तर सुटली, खाली जाऊन पडली असती. पण दावं पक्कं होतं, दोन हात लांब होतं. फळी हिसका बसून गर्रकन फिरली आणि उषाबाईंच्या पाठीत बसली. डावी फळी आडवी झाली. एकवीस आणि एकवीस बेचाळीस गाठींनी बांधलेल्या उषाबाई दोन फळ्यांसकट प्लॅस्टिकवरून घसरत थेट पाण्यात गेल्या. तिथं फळ्या वर तरंगल्या आणि पाय धरून ओढू लागल्या. उठावं तर पाय वर, झोपावं तर नाकात पाणी. बूट पाण्यानं भरलेले, निघेनात; कडी फळीकडं, तिथं हात पोचेना; गाठी सोडायला गेल्या, तर एकही सुटेना. ओल्यानं त्या आणखीच आवळल्या होत्या.

"अहो," उषाबाईंनी हाक मारली. नेहमीच्याच आवाजात.

सोमेश्वरराव दोन शेतांपलीकडं गव्हाला पाणी देत होते. तिसऱ्या "अहो"नंतर उषाबाईंना जन्मात पहिल्यांदा कळलं, की हळू बोलणं हा प्रत्येक वेळी सद्गुण नसतो. मग त्या ओरडल्या. खरंच ओरडल्या. आधी कांताबाई आल्या.

"अगं बाई! उषाबाई! हे कोणतं व्रत म्हणायचं?"

"कांताबाई, विळा आणा. जल्दी."

"पाण्यात उभं राहून, फळ्या बांधून... किती सोमवार करायचं असतंय हे?"

विळा घेऊन शेवटी सोमेश्वरराव उतरले. एकेक दावं कापताना त्यांना इतकं हसू येत होतं, की उषाबाईंना पायाच्या बोटांची काळजी वाटू लागली. "लई मजबूत केलं गं," ते म्हणाले. "बैल बी हरला असता."

काठावर आल्यावर उषाबाई गारठून बसल्या. पाठीत ठणका होता. हसणं थांबलं आणि तेव्हाच त्यांना आबारावांचा आवाज आला. एका ओढीत सुटलं न्हाई तर फास हाये. हे पाणी गुडघाभर होतं, वर नवरा होता, विळा होता. तिथं वरून डोंगराचा डोंगर बर्फ घसरत आला असता, तर? फळ्या पोरीला धरून खाली नेत राहिल्या असत्या आणि गाठी गणपतीच्या नावानं अजिबात सुटल्या नसत्या. सगळ्या त्यांनीच मारलेल्या.

संध्याकाळी त्यांनी तृप्तीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग पुन्हा पहिल्यापासून समजावू लागली.

"आई, तेच तर सांगत होते. स्की पायातून पडली तर लीशनं धरली पाहिजे. पण बर्फानं ओढली तर लीश तुटलीच पाहिजे. सर म्हणतात, पंधरा किलोला टिकावी, तीसला तुटावी. आणि धोक्याच्या उतारावर आम्ही ती आधीच सोडून ठेवतो. हातात जाड मोजे असतात, म्हणून मोज्यांनीसुद्धा सुटली पाहिजे."

"कळलं. आता कळलं. उद्या राजूर करते, परवा पाठवते..."

"परवा नाही चालणार गं. मी विचारलंय. उद्या दहाच्या आत जालन्याच्या कुरिअरच्या दुकानात पोचलं, तरच शनिवारी माझ्या हातात पडतं. नाहीतर ही परीक्षा गेली, पुढची एकदम पुढच्या हिवाळ्यात."

उषाबाईंनी बोटांवर तास मोजले. पहाटे निघून राजूरला पायी पोचायचं, मंगळवारच्या रांगेत उभं राहायचं. दर्शनालाच दहा वाजून जात.

"मी नेतो की," मागून सोमेश्वरराव म्हणाले.

"बाबांच्या हाती बिलकुल देऊ नको!" फोनमधून आवाज आला. "मागच्या वेळी लोणच्याची बरणी एसटीतच ठेवून आले. आई, तू स्वतः जा. वचन दे."

"दिलं," उषाबाई म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मंगळवारसुद्धा दिलेलाच आहे, दुसरीकडं.

पण आधी दावं करायचं होतं. ह्या वेळी दोरी एकपदरी, वीतभर. बुटाकडच्या टोकाला आबारावांची सरकगाठ. शेपटाला गाडीच्या चावीला लावतात तसा मोठा लाकडी मणी, मोज्यात धरता यावा म्हणून. हातात सोमेश्वररावांचे लोकरी पायमोजे चढवून उषाबाईंनी मणी ओढून बघितला. गाठ सुटली. दहादा बांधली, दहादा सुटली. पंचेचाळीस वर्षांनी बापाची शाबासकी पुन्हा मिळाल्यासारखं वाटलं.

राहिला तुटणारा तुकडा. मधोमध बारीक धाग्याचा एक फेरा घालायचा, तोच काय तो तुटायचा. ओसरीच्या आढ्याला फेरा अडकवला, खाली तेलाचे पंधरा-पंधरा किलोचे दोन रिकामे डबे टांगले आणि सोमेश्वरराव तांब्यानं पाणी ओतू लागले. शिलाईचा दोरा पहिला डबा निम्मा होतो न होतो तोच तुटला. सुतळी दोन्ही डबे भरले तरी मजेत होती. दोऱ्याचे चार पदर, सहा पदर; कधी आधी तुटे, कधी तुटेच ना. ओसरीत चिखल झाला.

"तुझ्या मनगटातला बघ की," सोमेश्वरराव म्हणाले.

उषाबाईंनी हात मागं घेतला. मनगटात राजूरचा लाल धागा होता. देव्हाऱ्यात त्याचीच अख्खी गुंडी होती. तो धागा आपोआप गळून पडेतो ठेवायचा, तोडायचा नाही, असं त्यांनी गावातल्या निम्म्या बायकांना बजावलेलं.

"देवाचा धागा तुटायला लावायचा?"

"तुटून पोरगी वाचली, तर देवाला काय वाईट वाटायचंय?"

त्या बराच वेळ देव्हाऱ्यासमोर बसल्या. मग गुंडी घेऊन आल्या. दोन पदरांचा फेरा घातला. पहिला डबा भरला; धागा ताणला, टिकला. दुसरा डबा काठोकाठ भरत आला, तसा धागा टचकन तुटला आणि दोन्ही डबे सोमेश्वररावांच्या पायांवर आले.

"बराबर!" ते एका पायावर नाचत म्हणाले. "एकदम बराबर!"

पुन्हा दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा तसंच. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सोमेश्वरराव लांब उभे राहिले. उषाबाईंनी दोन दावी पुरी केली, जास्तीचे सात फेरे कागदात गुंडाळले आणि वर लिहिलं: "तुटला तर वाईट वाटून घेऊ नये. दुसरा लावावा."

मंगळवारी उजाडताच कांताबाई कुंपणाशी आल्या. त्या दर आठवड्याला वेशीपर्यंत सोबत करत आणि तिथून, गुडघ्यांचं कारण सांगून, परत फिरत.

"निघायचं ना?" म्हणता म्हणता त्यांची नजर खाली गेली. "चपला?"

"हो."

"आन् हातात कप कशाचा?"

"चहाचा." उषाबाईंनी शेवटचा घोट घेतला. देवाची दोन वर्षं एका कपात संपली. आभाळ जागच्या जागी होतं. हे जरा अपमानास्पदच होतं. "जालन्याला जाऊन राह्यले. सातच्या एसटीनं."

"आन् मंगळवार?"

"एसटी राजूरवरूनच जाती. खिडकीतून हात जोडीन."

"उतरणार न्हाई?"

"न्हाई."

कांताबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. आता ही बातमी आठच्या आत गावभर होणार, हे उषाबाईंना ठाऊक होतं. दुपारी कुणी विचारलंच, तर सांगायला काही नव्हतं. अभिमान वगैरे नाही, हे मात्र आता खरं झालं होतं.

त्यांनी पिशवी काखेत घेतली, आत हात घालून पुडकं चाचपलं आणि फाटकाशी आल्या. फाटकाची दोरी जुनीच होती, त्यांच्याच हातची, रात्रीच्या दवानं आणखी आवळलेली. एकदा ओढली, दोनदा ओढली, सुटेना. सोमेश्वररावांना हाक मारावी, की विळा आणावा? लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. उषाबाईंनी पदर खोचला, पिशवी छातीशी धरली, एक गुडघा मातीत टेकवून कुंपणाच्या तारेखालून हळूच पलीकडं निघाल्या आणि धूळ न झटकता थांब्याकडं चालू लागल्या.