साखळीची फांदी

"ही फांदी पडली तं माह्या पोरीच्या बाजेवर पडन, रुख्माबाई. तुमच्या नाई."

शेजारची आशाबाई कुंपणावर दोन्ही हात टेकून उभी होती. एरवी ती बोलायला लागली की वडनेर भोलजीच्या बाजारापर्यंत ऐकू जायचं. आज मात्र तिचा आवाज मऊ होता, आणि म्हणूनच तो जास्त लागत होता. तिची वासंती पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. वैशाखाचे दिवस, घरात जीव उकडून निघायचा, म्हणून पोर अंगणात बाज टाकून झोपायची. आणि नेमकी त्या बाजेच्या डोक्यावर आली होती रुख्मिणीच्या दारातल्या कडुनिंबाची थोरली फांदी. पार वाळलेली, काळी पडलेली.

"मंग बाज सरकव नं," रुख्मिणी सुपातली ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली.

"कुठी सरकवू? इकळे गोठा, तिकळे चूल. बैलाच्या शिंगावर ठेवू का?"

ओसरीवर करवतीला कानस लावत बसलेल्या तिच्या नवऱ्याला, निवृत्तीला, हसू आलं, ते त्याने मान खाली घालून गिळलं. गंमत पाहा! पंचक्रोशीत कुठे झाड कलंडलं, फांदी तडकली, की लोक निवृत्तीला बोलवायचे. दोर कमरेला बांधून तो खारीसारखा वर चढायचा, आणि घरावर झुकलेली फांदी अशी उतरवायचा की खालचं कौलसुद्धा हलायचं नाही. मग तो आणि त्याचा जोडीदार उकंडराव मिळून लाकूड अंगणातल्या खड्ड्यावर, एक वर नि एक आत उभा राहून, लांब करवतीने फाडायचे. नांदुऱ्याच्या किती दारांच्या फळ्या त्या दोघांच्या हातच्या होत्या! आणि याच माणसाच्या दारात ही फांदी वर्षानुवर्षं वाळत उभी होती.

त्याचं कारण होतं त्या फांदीच्या गळ्यात रुतलेली साखळी.

कोकिळा त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन पूर्णेपलीकडे वरवट बकालला गेली, आणि पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. अखाजीला आलेल्या लेकीला झोका हवाच. निवृत्तीने नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात मोडीत निघालेली साखळी आणली आणि निंबावर चढला. कोकिळा खालून ओरडली, "बा, झाडाले लागन नं! हे घाल खाली." आणि आपल्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी फेकली. निवृत्तीने ती साखळीखाली गुंडाळली. पोर इतकी झुलली, की सगळ्या गल्लीच्या मुली दमल्या तरी ही दमेना.

त्यांच्याकडची रीत अशी, की लेक सासरी निघाली की बापाने त्याच दिवशी झोका सोडायचा. झोका काय, पाळणा काय, रिकामा हलू द्यायचा नाही; अपशकून असतो. निवृत्ती दोर घेऊन उठलाही होता. रुख्मिणीने त्याचा हात धरला. "राहू द्या नं. पुढच्या अखाजीले पुन्हा कोन चढन? येनारच हाये थे."

तो थांबला. त्या पावसाळ्यात कोकिळाला ताप भरला. पूर्णेला पूर, नाव चालेना. निरोप अलीकडे पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. आईबापाला तोंडही दिसलं नाही.

गल्लीतल्या बायका रुख्मिणीसमोर काही बोलल्या नाहीत. पाणवठ्यावर बोलल्या. रिकामा झोका हलता ठेवला, लेकीला भोवला, म्हणाल्या. ते तिच्या कानावर आलं, आणि तिने खरंच मानलं.

झोक्याची फळी कुजून पडली. लोंबती साखळी निवृत्तीने एकदा छिनीने तोडली. उरला तो फांदीभोवतीचा वेढा. दरसाल तो म्हणायचा, "झाड जाड होते, साखळी थोडीच मोठी होते? गळा आवळून राह्यला त्याचा. जराशी सरकवू दे." आणि दरसाल ती म्हणायची, "हात लावू नका." सालीने हळूहळू साखळी गिळून टाकली. त्या जागी नुसती गाठ उरली, आणि गाठीच्या पुढची फांदी मेली.

त्या दुपारी वावटळ आली. वाळकी काटकी मोडून वासंतीच्या बाजेवर पडली. बाज रिकामी होती म्हणून बरं. थोड्या वेळाने वासंती स्वतःच, कमरेवर हात देत, कुंपणाशी आली.

"काकू, आईचं मनावर नका घेऊ. मी घरातच झोपत जाईन. कोकीची फांदी हाये थे, मले माईत नाई का?"

रुख्मिणीने तिच्याकडे पाहिलं. घामाने थबथबलेला चेहरा, सुजलेले पाय. परकरात असताना कोकिळाबरोबर एकाच झोक्यावर उभी राहून झुललेली ही पोर. सूप खाली ठेवून ती ओसरीवर आली.

"सकाळी पाडा," ती नवऱ्याला म्हणाली.

सकाळी निवृत्ती चढला. आधी खालून चीर, मग वरून. उलटं केलं तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते आणि झाड जन्माचं अधू होतं. दोराला बांधलेली फांदी उकंडरावाने खालून अशी सोडली, जशी विहिरीत घागर सोडतात. मग निवृत्तीने झाडाच्या जखमेवर शेणमातीचा लेप थापला.

"चाल, जळणाले तोडू," उकंडराव म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड उचलली.

"जळणाले नाई," रुख्मिणी म्हणाली. "थे गाठ फाडा. करवतीनं, सरळ. मले आतून पाहू द्या."

"वहिनी, त्याच्यात लोखंड हाये! लोखंडावर करवत घालनारा येडा अजून आमच्या धंद्यात जन्मला नाई. दात गेले तं दोन घरं उपाशी."

"कुऱ्हाडीनं चिंध्या होतीन त्याच्या."

"होऊ द्या नं बाप्पा, लाकूडच हाये थे. बोल बे निवृत्ती, तू काऊन मुका झाला?"

निवृत्तीने त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून बाजूला ठेवली. त्याने ओंडका खड्ड्यावरच्या आडव्या बल्ल्यांवर चढवला आणि गेरूच्या दोरीने रेघ मारली. करवतीचं वरचं टोक धरून तो ओंडक्यावर उभा राहिला. उकंडरावाने हाताची घडी घातली. "म्या नाई उतरत खाली. तुह्या डोक्यात निंबाचा पाला भरला."

तेव्हा रुख्मिणीने पदर खोचला आणि ती खड्ड्यात उतरली. करवतीला बाईने शिवू नये, त्यांच्या धंद्यात ती ओलांडूसुद्धा देत नसत. उकंडराव "अवो वहिनी" म्हणत पुढे झाला, पण निवृत्तीने हात वर केला.

"वर पाहू नको. भुसा डोळ्यात जाते," तो बायकोला म्हणाला. "तू फक्त खाली ओढ. वर मी घेतो. ढकलू नको."

करवतीत कापतो तो खालचा. वरचा ती उचलून घेतो आणि रेघ सांभाळतो, एवढंच. म्हणजे ते लाकूड रुख्मिणीच कापत होती. ओढ, आणि पिवळा भुसा तिच्या केसांवर. ओढ, आणि भुसा मानेवर. तिला निंबाचा कडू वास घशापर्यंत जाणवत होता. उकंडराव मात्र बडबडत, ओंडका हलू नये म्हणून त्यावर सगळा भार टाकून बसला होता.

मग करवत किंचाळली. कुंपणापलीकडे आशाबाईच्या हातातलं भांडं पडलं.

निवृत्तीने करवत काढून घेतली, चिरेत पाचर ठोकली, आणि ओंडका करकरत उघडला.

साखळी तशीच होती. कडीत कडी. तिच्याभोवतीचं लाकूड काळंभोर पडलं होतं, जणू कुणी शाई सांडली. आणि कड्यांच्या खाली, जिथे वारा-पाणी कधी पोचलंच नव्हतं, चिंधीचा बोटभर तुकडा होता. अजून हिरवा!

"चिंधी घातलीच होती हो तुमी," रुख्मिणी एवढंच म्हणाली.

तिने तो उचलायला दोन बोटं लावली. त्याचं पीठ झालं. चिमटीत काहीच आलं नाही. ती बोटं तिने तशीच मिटली आणि खड्ड्याच्या काठाशी बसून राहिली. निवृत्ती शेजारी बसला. तिच्या केसांतला भुसा झाडावा असं त्याच्या मनात आलं, पण उकंडरावासमोर त्याचा हात उठला नाही. उकंडरावाला ते कळलं असावं. तो उगाचच बैल पाहायला गेला.

करवतीचा एक दात वाकला होता. उकंडरावाने दुसऱ्या दिवशी हातोडी आणली. "ठोकून सरळ करू."

"राहू दे," निवृत्ती म्हणाला.

तेव्हापासून त्यांच्या फळ्यांवर एक बारीक तिरपी रेघ उमटू लागली. नांदुऱ्याचा लाकूडवाला कुरकुरायचा. उकंडराव त्याला दटावायचा, "दाताची रेघ हाये, शेठजी. रंधा मारा, जाते."

वासंतीला मुलगी झाली. पाळण्याच्या फळ्या निवृत्तीनेच फाडून दिल्या, आणि आशाबाई बारशाचं बोलावणं घेऊन स्वतः आली. "तुमी पहिल्या या, रुख्माबाई. नाईतं म्या कुंपणावरून वरडत बसन."

रुख्मिणी गेली. नाव ठेवून झालं, बायका बाळाला हातोहात फिरवत घेऊन गेल्या आणि घुगऱ्यांच्या गडबडीत पाळण्यापाशी कुणीच उरलं नाही. बाहेरून रंधा मारून फळ्या गुळगुळीत केल्या होत्या, आतून तशाच होत्या. रुख्मिणीने आतल्या बाजूने त्या तिरप्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं.

पाळणा अजून हलत होता, रिकामा. तिने तळहात लावून तो थांबवला, आणि बाळ परत येईपर्यंत धरून ठेवला.