टेप जरा ओढून

“कंबर चार इंचांनी उतरलीय, डॉक्टर. कॅप्सूल मी बंद करायची नाही,” नणंद म्हणाली.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. साखर चांगलीच चढली होती. “या कॅप्सूलमध्ये दुधातुपात थोडंफार असतं ते एक स्निग्ध आम्ल आहे. उंदरांची चरबी त्यानं उतरली, म्हणून बाजारात आलं. माणसांत फारसा फरक दिसत नाही. काहींची साखर मात्र उलट चढते.”

“पण मी बारीक झालेय ना! या माझ्या वहिनीला विचारा. कपडे शिवते ती, तिचं माप चुकत नाही.”

शेजारी बसलेल्या वहिनीची मान खाली गेली. माप चुकलं नव्हतं, तिनं चुकवलं होतं. कॅप्सूल सुरू केल्यावर नणंद पहिल्यांदा माप द्यायला आली, तेव्हा हात वर करून उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले. नवऱ्यानं तिला चारचौघांत ‘आमचं पिंप’ म्हणून हसण्यात जन्म घालवला होता. वहिनीला कसंतरी झालं. टेप जरा ओढून ती म्हणाली, “इंचभर गेलं की, ताई.”

मग एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. ड्रेस आत घ्यायला आला की वहिनी शिवण उसवून तो सैल करायची आणि ‘घेतला आत’ म्हणून परत द्यायची. नणंद आरशापुढे गिरकी घ्यायची, वहिनीही हसायची. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

“सांग ना गं वहिनी.”

“माप मी ओढून घेत होते, ताई.”

“म्हणजे?”

“कंबर होती तेवढीच आहे.”

“आणि ड्रेस? आत घेऊनही सैल बसतोय तो.”

“आत घेतलाच नव्हता. शिवण सोडली होती.”

डॉक्टर उगाच रिपोर्ट चाळत बसले. ताईनं आता तोंडाला येईल ते बोलावं, असं वहिनीला वाटत होतं. शिव्या सोसल्या असत्या. ताईनं फक्त पर्समधली बाटली काढून टेबलावर ठेवली. “बंद करते,” म्हणाली आणि उठली.

बाहेर बाकांवर माणसं ताटकळत बसली होती. गेले काही महिने ताई अशा गर्दीतून हात मोकळे सोडून, ताठ मानेनं चालायची. आता ती दारातच थांबली. खांद्यावरची पर्स तिनं पुढे घेतली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती चालू लागली.